बजबजचे पत्र



या महिन्याच्या टपालात एक पत्र बजबजहून आले आहे. बजबज कोठे आले, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांना पडेल, म्हणून आधी तेवढे सांगते. कोलकात्याच्या दक्षिणेस, हुगळीच्या पूर्व तीरावर हे गाव वसले आहे. सियालदहहून निघालेली लोकल गाडी तेथे पोचली की थांबते. पुढे रूळ नाहीत, नदी आहे. तागाच्या गिरण्या आणि खनिज तेलाची आगारे ही या गावाची जुनी ओळख. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे यजमान अशाच एका आगारात नोकरीस आहेत. घर मूळचे साताऱ्याकडचे. दोन पिढ्या बंगालमध्ये गेल्या, तरी घरात मराठी टिकून आहे, आणि पत्राचे अक्षरही मोत्यासारखे आहे.

भगिनी लिहितात, त्याचा सारांश असा : थोरली मुलगी यंदा पदवीधर झाली. तिचा आवाज गोड आहे, बंगाली आणि हिंदी ती घरच्यासारखी बोलते. नभोवाणीवर निवेदकाच्या कामासाठी चाचणी व्हायची आहे, तिने अर्ज केला आहे. दुसरीकडे एम्. ए. ला राज्यशास्त्र घेऊन प्रवेश मिळतो आहे. सासूबाई म्हणतात, "रेडिओवर बोलून पुढे काय व्हायचे? आज आवाज आहे, उद्या घसा बसला की कोण विचारतो?" मुलगी म्हणते, की रेडिओवर बोललेली माणसे पुढे विधानसभेत गेली आहेत, मोठमोठ्या महाविद्यालयांची अध्यक्ष झाली आहेत. भगिनी विचारतात, "ताई, हे खरे आहे का? आपल्याकडे असे कोणी झाले आहे का? की हे परदेशातले ऐकून मुलगी बोलते?"

प्रश्न चांगला आहे, आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नाही. परदेशात, विशेषतः अमेरिकेत, असा प्रवास केलेली माणसे आहेत. तेथे ध्वनिक्षेपणाचा धंदा खाजगी, विधिमंडळाची दारे त्या धंद्याला उघडी, आणि महाविद्यालयाचा प्रमुख निवडताना नावाजलेला माणूस शोधण्याची रीत. आपल्याकडे नभोवाणी दीर्घकाळ सरकारची होती आणि तिच्या नोकरांना राजकारण वर्ज्य होते. त्यामुळे ही तीन पदे एकाच माणसाच्या वाट्याला सरळ रेषेत आलेली मला तरी दाखवता येणार नाहीत. परंतु नभोवाणी, विधिमंडळ आणि विद्यालय या तीन घरांमध्ये ये-जा करणारी माणसे आपल्याकडे झाली आहेत, आणि त्यांतल्या एका बाईची हकीकत बजबजच्या मुलीने अवश्य ऐकावी अशी आहे.

पण त्याआधी बजबजचीच एक गोष्ट सांगू द्या. ती या हकीकतीशी निगडित आहे.

सन १९१४. बाबा गुरुदित सिंग यांनी 'कोमागाता मारू' नावाची जपानी आगबोट भाड्याने घेतली आणि ३७६ प्रवासी घेऊन ती कॅनडाकडे नेली. प्रवासी बहुतेक पंजाबी शीख. थोडे मुसलमान आणि हिंदू. २३ मे रोजी बोट व्हँकूवरला पोचली. साम्राज्याचे प्रजाजन म्हणून आपल्याला साम्राज्यात कोठेही जाता यावे एवढेच त्यांचे म्हणणे होते. कॅनडाच्या सरकारने थोडे प्रवासी वगळता कोणालाही उतरू दिले नाही. दोन महिने बोट बंदरात उभी राहिली आणि २३ जुलैला तिला परत फिरावे लागले. २९ सप्टेंबर १९१४ रोजी ती बजबजला लागली. सरकारने पंजाबकडे जाणारी खास आगगाडी तयार ठेवली होती. प्रवाशांना कोलकात्याला जायचे होते. ग्रंथसाहेब मस्तकावर घेऊन ते पायी निघाले, त्यांना वाटेतून परत आणले गेले, आणि संध्याकाळी बजबज स्थानकापाशी गोळीबार झाला. सुमारे वीस प्रवासी ठार झाले. गुरुदित सिंग निसटले, आणि पुढे कित्येक वर्षांनी, १९२१ साली, स्वतः होऊन सरकारच्या हवाली झाले.

त्या दिवशी बजबजला काय घडले, हे देशाला कोणी सांगितले? सरकारी पत्रकाने सांगितले. मग सरकारनेच नेमलेल्या चौकशी समितीने सांगितले, आणि तिने बहुतेक सगळा दोष प्रवाशांच्या माथी मारला. मेलेल्यांच्या बाजूने बोलणाऱ्याला वर्तमानपत्रात जागा नव्हती, व्यासपीठ नव्हते, आणि नभोवाणी तर भारतात जन्मालाच यायची होती. पुढे १९५२ साली बजबजला स्मारक झाले, त्याचे उद्घाटन पंडित नेहरूंनी केले. रेल्वे स्थानकाच्या नावालाही आता त्या बोटीचे नाव जोडलेले आहे. १८ मे २०१६ रोजी कॅनडाच्या पंतप्रधानांनी आपल्या संसदेत उभे राहून क्षमा मागितली. म्हणजे ज्यांना बोलू दिले नाही, त्यांची क्षमा पंतप्रधानांनी संसदेत मागायला एकशे दोन वर्षे लागली. (याच बजबजच्या धक्क्यावर १९ फेब्रुवारी १८९७ रोजी स्वामी विवेकानंद पश्चिमेकडून परतताना उतरले आणि खास गाडीने सियालदहला गेले. एकाच स्थानकाच्या या दोन आठवणी आहेत. पत्रलेखिका भगिनी रोज त्या स्थानकावरून जात असतील.)

आता मुंबईला चला. सन १९४२.

८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव संमत झाला आणि उजाडण्यापूर्वीच गांधीजींसह सगळे पुढारी तुरुंगात गेले. वर्तमानपत्रांवर निर्बंध आले. देशात कोठे काय चालले आहे हे कोणालाच कळेना. सरकारी रेडिओ सांगेल तेवढेच खरे, अशी अवस्था झाली. अगदी बजबजसारखी, फक्त साऱ्या देशभर. त्या वेळी मुंबईत कायद्याचा अभ्यास करणारी बावीस वर्षांची एक मुलगी आणि तिचे काही मित्र यांच्या मनात आले की आपणच एक नभोवाणी केंद्र का काढू नये?

ही मुलगी म्हणजे उषा मेहता. जन्म २५ मार्च १९२०, सुरतेजवळच्या सरस गावी. वडील इंग्रजी राज्यात न्यायाधीश, त्यामुळे घरातून चळवळीला उत्तेजन मिळणे कठीण. तरीही आठ वर्षांची असताना ती सायमन कमिशनविरुद्धच्या फेरीत 'परत जा'च्या घोषणा देत होती. अशाच एका फेरीत झेंडा धरलेली एक लहान मुलगी पोलिसांच्या धक्क्याने पडली आणि झेंडाही पडला. मुलांना ते फार लागले. त्यांनी वडील माणसांकडे तक्रार केली. वडील माणसांनी झेंड्याच्या तीन रंगांचे कपडे मुलांना शिवून दिले. आता झेंडा कसा पाडाल? वडील निवृत्त झाल्यावर घर मुंबईला आले. उषाबाई विल्सन महाविद्यालयातून १९३९ साली तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या आणि कायद्याकडे वळल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तो अभ्यास सुटला.

केंद्र काढायचे म्हणजे काय लागते, याचा विचार करा. यंत्र लागते, आणि युद्धकाळात यंत्राच्या सुट्या भागांवरही सरकारची नजर. पैसा लागतो. तंत्रज्ञ लागतो. जागा लागते, आणि एकच जागा उपयोगी नाही. कारण लहरी कोठून येतात हे शोधणाऱ्या पोलिसांच्या गाड्या शहरभर फिरत असत. विठ्ठलदास ऊर्फ बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी ही मित्रमंडळी जमली. 'शिकागो रेडिओ' या नावाने ध्वनिवर्धकांचा व्यवसाय करणारे नानक मोटवानी यांनी सामग्री पुरवली. काँग्रेसच्या सभांना ज्यांचे ध्वनिवर्धक जात, त्यांचीच सामग्री आता भूमिगत झाली, एवढाच फरक. २७ ऑगस्ट १९४२ रोजी 'काँग्रेस रेडिओ' ४२.३४ मीटरवर बोलू लागला. पत्ता विचाराल तर तो भारतात 'कोठून तरी' बोलत असे. आरंभी 'हिंदोस्ताँ हमारा', शेवटी 'वंदे मातरम्'. थोड्याच दिवसांत डॉ. राममनोहर लोहिया या मंडळींना येऊन मिळाले, आणि पोरांच्या धडपडीला भूमिगत नेतृत्वाचा आधार मिळाला. इंग्रजीतून डॉ. लोहिया, कुमी दस्तूर आणि उषाबाई. हिंदुस्थानीतून अच्युतराव पटवर्धन, मोइनुद्दीन हॅरिस आणि पुन्हा उषाबाई, असे बोलणारे होते.

काय सांगत असत? जे वर्तमानपत्रांना छापता येत नव्हते ते. चितगावावरची बाँबफेक, जमशेदपूरचा संप, बलियाची हकीकत. आणि आपल्या विदर्भातील आष्टी-चिमूर. १६ ऑगस्टला चिमूरला जो उठाव झाला आणि त्यानंतर लष्कराने गावातील स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांची बातमी बाहेर जाऊ नये म्हणून केवढा बंदोबस्त होता! प्राध्यापक भन्साळींनी त्यासाठी प्रदीर्घ उपोषण केले. ते अत्याचार या लपूनछपून चालणाऱ्या केंद्राने देशाला सांगितले. चिमूरच्या स्त्रियांची व्यथा मुंबईच्या एका खोलीतून बोलली गेली, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठे वाटते. त्याच साली ऑक्टोबरात बंगालच्या किनाऱ्यावर, मेदिनीपूर आणि चोवीस परगण्यांत, भयंकर वादळ झाले आणि त्याचीही बातमी सरकारने कित्येक दिवस दाबून ठेवली होती, हे बजबजच्या वाचकांना निराळे सांगायला नको.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. काँग्रेस रेडिओवर काय बोलले गेले, हे आज आपल्याला बरेचसे ठाऊक आहे ते कोणामुळे? पोलिसांमुळे! पुरावा म्हणून ते प्रत्येक शब्द टिपून घेत होते. ती टिपणे सरकारी दप्तरात राहिली आणि उषा ठक्कर यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाला तीच उपयोगी पडली. ज्यांनी तो आवाज बंद केला, त्यांनीच तो जपून ठेवला.

सुमारे अडीच महिने हे चालले. केंद्राच्याच एका तंत्रज्ञाकडून पोलिसांना माहिती गेली. १२ नोव्हेंबर १९४२ चा दिवस. बाबूभाईंच्या कचेरीवर धाड पडल्याचे उषाबाईंना कळले होते. पळून जाण्यास वेळ होता. त्या गिरगावातील पारेखवाडीत गेल्या आणि त्या दिवसाचा कार्यक्रम सुरू केला. शेवटची 'वंदे मातरम्'ची तबकडी वाजत असताना दारे फोडून पोलीस आत आले. तबकडी थांबवण्याचा हुकूम झाला. गीत चालू असता थांबवता येणार नाही, असे त्यांनी सांगितले.

पुढचे कित्येक महिने चौकशीचे. साथीदारांची नावे सांगितलीस तर परदेशी शिक्षणाला पाठवू, असे आमिषही दाखवून झाले. ही नीट लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. जिचे काम बोलणे, तिने या सगळ्या काळात तोंड उघडले नाही. खटल्यात तिने न्यायाधीशांना एवढेच विचारले, की प्रश्नांची उत्तरे देणे मला बंधनकारक आहे का? नाही, असे उत्तर मिळताच, मग मी एकाही प्रश्नाचे उत्तर देणार नाही, असे सांगून ती गप्प राहिली. बाबूभाईंना पाच वर्षे, उषाबाईंना चार वर्षे, चंद्रकांत झवेरींना एक वर्ष अशा शिक्षा झाल्या. विठ्ठलदास झवेरी आणि नानक मोटवानी सुटले. उषाबाई येरवड्याला गेल्या आणि १९४६ साली बाहेर आल्या, तेव्हा प्रकृती पुरती खालावली होती. १५ ऑगस्ट १९४७ च्या समारंभांना त्यांना जाता आले नाही. त्या अंथरुणावर होत्या.

येथे आपल्या पत्रलेखिका भगिनी विचारतील, मग त्या विधानसभेत गेल्या की नाही? नाही गेल्या. त्यांच्याबरोबरचे कितीतरी लोक तिकिटे घेऊन उभे राहिले, मंत्री झाले. उषाबाईंनी सुटलेले शिक्षण पुन्हा हाती घेतले. गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, अध्यापन केले, आणि नागरिकशास्त्र व राज्यशास्त्र विभागाच्या प्रमुख होऊन १९८० साली निवृत्त झाल्या. गांधी स्मारक निधीचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. मणिभवनाशी त्यांचा संबंध अखेरपर्यंत राहिला. १९९८ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

राज्यशास्त्र! तुमच्या मुलीला ज्या विषयात प्रवेश मिळतो आहे, तोच हा विषय. योगायोग म्हणून सोडून देऊ नका. सरकार म्हणजे काय, कायदा म्हणजे काय, सत्तेला प्रश्न केव्हा विचारायचा, हे ज्या बाईने कोठडीत शिकले, तिने ते पुढे वर्गात शिकवले. तिच्या विद्यार्थ्यांचा मला हेवा वाटतो.

विधिमंडळाची वाट त्याच केंद्रावरून कोणी चालले असेल तर ते डॉ. लोहिया. भूमिगत असताना त्यांना १९४४ साली मुंबईत पकडले गेले आणि लाहोरच्या किल्ल्यात त्यांचे हाल झाले. स्वातंत्र्यानंतर १९६३ साली फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीतून ते लोकसभेत आले, आणि आल्याआल्याच त्यांनी देशातील २७ कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असा आकडा सभागृहापुढे टाकला. सरकारपक्ष पंधरा आणे म्हणत होता. 'तीन आणे की पंधरा आणे' या वादाने त्या वर्षी घराघरांतून चर्चा झाली. आकडेशास्त्राच्या दृष्टीने कोणाचे बरोबर, याचा खल पुष्कळ झाला आहे. त्यात मी पडत नाही. पण १९४२ साली रेडिओवरून जे केले तेच लोहियांनी सभागृहात केले. ज्याची बातमी होत नव्हती, त्याची बातमी त्यांनी केली.

आणि अच्युतराव? अहमदनगरचे अच्युतराव पटवर्धन भूमिगत राहिले ते शेवटपर्यंत सापडलेच नाहीत. स्वातंत्र्य आले, मोठ्या जागा खुणावू लागल्या, आणि १९५० च्या सुमारास त्यांनी राजकारण सोडले ते कायमचे. काशीच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात जाऊन ते १९६६ पर्यंत शिकवत राहिले. सत्तेच्या दाराशी पोचून मुलांच्या वर्गात जाऊन बसलेला असा दुसरा माणूस मला चटकन आठवत नाही. महाराष्ट्राने त्यांची आठवण पुरेशी ठेवली नाही, असे माझे मत आहे.

आता घराजवळचे उदाहरण. भगिनींनी साताऱ्याचा उल्लेख केला आहे, म्हणून शेजारच्या सांगली जिल्ह्यातील बागणीच्या डॉ. सरोजिनी बाबर यांचे नाव घेते. यांचा प्रवास उलट दिशेने झाला. १९५२ ते १९५७ त्या मुंबई विधानसभेत होत्या. १९६४ ते १९६६ विधान परिषदेत. १९६८ ते १९७४ राज्यसभेत. मात्र त्यांचे खरे काम सभागृहाबाहेरचे. नव्याने साक्षर झालेल्या प्रौढांनी वाचावे म्हणून 'समाजशिक्षण माले'च्या छोट्या छोट्या पुस्तिका त्यांनी वर्षानुवर्षे काढल्या. महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या अध्यक्षा म्हणून जात्यावरच्या ओव्या, भोंडल्याची गाणी, सणवार, कुलदैवते यांचे खंडच्या खंड प्रसिद्ध केले. ज्या बायका कधी लिहायला शिकल्या नाहीत, त्यांचे शब्द त्यांनी छापून ठेवले. आणि विधिमंडळ व संसद दोन्ही मागे टाकल्यावर त्या माईकसमोर आल्या. मुंबई दूरदर्शनवर कवयित्री शांता शेळके यांच्याबरोबर 'रानजाई' हा लोकगीतांचा कार्यक्रम त्यांनी केला, आणि ज्यांनी तो पाहिला त्यांना तो अजून आठवतो. दोघी समोरासमोर बसून बोलत. एकीला ओवी आठवली की दुसरी तिला जोड देई. निवेदन म्हणून जे शिकवतात त्यातले काहीच त्यांत नव्हते. माजघरात बसल्यासारखे बोलणे होते.

नभोवाणीच्या पुण्याईवर सभागृहात गेलेल्यांत ग. दि. माडगूळकरांचेही नाव घेता येईल. १९५५ च्या एप्रिलपासून पुणे केंद्रावरून दर आठवड्याला एक याप्रमाणे 'गीतरामायणा'ची ५६ गीते गेली. ते ऐकण्यासाठी लोक रेडिओला हार घालून बसत, असे आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेच असेल. माडगूळकर पुढे महाराष्ट्र विधान परिषदेचे सदस्य झाले. अर्थात ते कवी म्हणून थोर होतेच. रेडिओने त्यांना घरोघरी नेले इतकेच.

आता व्यवहाराचे बोलू, कारण सासूबाईंची शंका भावनेने सुटणारी नाही.

विधानसभेला उभे राहण्यास वयाची २५ वर्षे पुरी व्हावी लागतात. विधान परिषद व राज्यसभा यांना ३०. जेथे विधान परिषद आहे तेथे बारावा हिस्सा सभासद पदवीधर निवडून देतात आणि बारावा हिस्सा शिक्षक. महाराष्ट्रात परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ राज्यपाल नेमतात, त्या साहित्य, शास्त्र, कला, सहकार आणि समाजसेवा यांतील जाणकारांसाठी. राज्यसभेतही राष्ट्रपती १२ सभासद नेमतात. प. बंगालमधील विधान परिषद १९६९ साली बरखास्त झाली, म्हणून बजबजच्या मुलीला ती वाट घरच्या राज्यात मिळणार नाही. लोकांपुढे जाऊन मते मागावी लागतील. त्यात वाईट काही नाही. महाविद्यालयाचे म्हणाल, तर संस्थेचे अध्यक्षपद हे मानाचे आणि समाजकार्याने मिळणारे. परंतु प्राचार्यपदाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांप्रमाणे डॉक्टरेट आणि पंधरा वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. तेथे नुसता गोड आवाज चालत नाही.

निवेदकाच्या कामाबद्दल मात्र सासूबाईंचा काही गैरसमज असावा. नभोवाणीवर जे हंगामी निवेदक घेतात त्यांना महिन्यातून थोड्याच पाळ्या मिळतात आणि प्रत्येक पाळीमागे मानधन मिळते. ही कायम नोकरी नव्हे. तिच्यावर संसार उभा करू नये हे खरेच. पण याच कारणामुळे ती एम्. ए. च्या आड येत नाही. मुलगी 'हे की ते' असे विचारते आहे आणि घरही तसेच विचारते आहे. वास्तविक दोन्ही एकदम होण्यासारखे आहे. बजबजहून सियालदहची गाडी पकडायची ती तिला विद्यापीठासाठी पकडावीच लागणार. पहाटेची पाळी मात्र शक्य तर घेऊ नये. इतक्या लांबून वेळेवर पोचणे कठीण, आणि निवेदक उशिरा पोचला की सारे राज्य ती शांतता ऐकते.

चाचणीसाठी दोन गोष्टी सुचवते. रोज एक बातमीपत्र मोठ्याने वाचावे, पण गोड करून वाचू नये. मुलींना आवाज गोड आहे असे लहानपणापासून ऐकवले जाते आणि मग त्या पुराची बातमीही लाडात वाचतात. दुसरे म्हणजे माणसांची व गावांची नावे बरोबर उच्चारण्याची सवय करावी. बंगाली घरात वाढलेल्या मराठी मुलीला दोन्हीकडची नावे शुद्ध म्हणता येतात, हे मोठे भांडवल आहे. ते जपावे. चाचणीत अनोळखी उतारा देतात. तो आधी मनात वाचून, त्यात काय सांगितले आहे ते समजून घेऊन मग तोंड उघडावे. न समजता वाचलेले ऐकणाऱ्याला दुसऱ्या वाक्यालाच कळते.

उषाबाईंचे शेवटचे दिवस सांगायचे राहिले. दर ९ ऑगस्टला त्या गवालिया टँकला, म्हणजे आताच्या ऑगस्ट क्रांती मैदानावर, जात असत. २००० साली त्यांना ताप होता, वय ऐंशीचे. तरी त्या गेल्या. दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, त्यांचे निधन झाले.

बजबजच्या भगिनींनी चाचणीची तारीख कळवली नाही. ती झाल्यावर मुलीने स्वतः पत्र लिहावे, कोणता उतारा वाचायला दिला तेही लिहावे. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा. घशाची त्यांनी जी काळजी दाखवली आहे, त्यावर गरम पाणी आणि ज्येष्ठमध हा उपाय त्यांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक असेल.